हे खरे आहे काय?

जून लागला की हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत होड्या वाळूवर ओढल्या जातात आणि झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी. याच सुमारास मुंबईत विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन भरतं. ऑगस्टपासून सुरू होणाऱ्या हंगामात समुद्रात काय चालू दिलं जाईल, गस्त कोण घालील, दंड कोण वसूल करील, हे सरकारला विचारायची ही चांगली वेळ. मच्छीमाराच्या हाताला उसंत असते, सभागृह बसलेलं असतं. तरीही गाठ पडत नाही, कारण प्रश्नांच्या सूचना द्यायची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपून गेलेली असते. जुलैत उत्तर हवं असेल तर कागद एप्रिल-मेमध्येच तयार व्हायला हवा. त्या दिवसांत बंदरावरचा प्रत्येक माणूस हंगामाच्या शेवटच्या फेऱ्यांत असतो आणि बागायतदार आंब्याच्या पेट्यांत.

वरच्या सभागृहातला, म्हणजे विधान परिषदेतला किंवा राज्यसभेतला सदस्य काय करतो, हे समजून घ्यायचं तर या चुकलेल्या तारखेपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. भाषणं वर्तमानपत्रात येतात. कागद येत नाही, आणि काम कागदाने होतं.

विधान परिषद म्हटलं की पहिला शब्द ऐकू येतो तो ‘मागचं दार’, म्हणजे थेट जनतेतून न निवडून येता आत जायची वाट. हा आक्षेप मला मनापासून खटकतो. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण एकदा तो उच्चारला की आत गेलेला माणूस सहा वर्षं तिथे करतो काय, हे पाहायची गरजच कुणाला वाटेनाशी होते. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. ३० सदस्यांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे, आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. सभागृह कधी बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

किनाऱ्याच्या वाट्याला थेट अशी तीन दारं येतात. कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक हे दोन्ही मतदारसंघ पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा पाचही जिल्ह्यांचे. तिसरा रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक प्राधिकारी मतदारसंघ. तिथे जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती आणि नगरपालिकांचे नगरसेवक मत देतात; ग्रामपंचायत सदस्याला तिथे मत नाही. २०२२ मध्ये तिन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक बसले, त्यामुळे २०२४ मध्ये ही जागा रिकामी झाली तेव्हा मत द्यायला पुरेसे मतदारच उरले नव्हते. खालची निवडणूक रखडली की वरच्या सभागृहातली खुर्चीही रिकामी राहते. हा दुवा किनाऱ्यावर फार कमी लोकांच्या लक्षात आला.

पदवीधर मतदारसंघाचं दुखणं वेगळं. २०२४ च्या निवडणुकीत यादीत साधारण सव्वादोन लाख नावं होती. त्यांतली निम्म्याच्या जवळपास एकट्या ठाणे जिल्ह्यातली, आणि सिंधुदुर्गातली वीस हजारांच्याही आत. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याचा दिवस कुठे जाणार हे या आकड्यांनीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून किनाऱ्याचा प्रश्न सभागृहात न्यायचा असेल तर तो पोचवणाऱ्यालाच जास्त तयारीने जावं लागतं.

आता प्रत्यक्ष कागदाकडे येऊ. विधिमंडळाच्या भाषेत सदस्याच्या हातातल्या साधनांना ‘आयुधं’ म्हणतात, आणि त्यांतलं सगळ्यात जुनं, सगळ्यात धारदार आयुध म्हणजे तारांकित प्रश्न, ज्याचं उत्तर मंत्र्याकडून सभागृहात तोंडी मागता येतं. त्याचा साचा ठरलेला आहे. पहिल्या भागात घटना सांगायची आणि शेवटी विचारायचं, ‘हे खरे आहे काय?’ दुसऱ्या भागात ‘असल्यास’ म्हणून पुढचा तपशील. तिसऱ्यात, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आलं, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. चौथ्यात, नसल्यास विलंबाची कारणं काय आहेत. उत्तरांचाही साचा ठरलेला: ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि मग ‘प्रश्न उद्भवत नाही’.

सगळा खेळ पहिल्या भागात हरला किंवा जिंकला जातो. समजा, कुणी असं लिहिलं: सिंधुदुर्ग किनारपट्टीवर परराज्यांतल्या ट्रॉलरांनी धुमाकूळ घातल्याने पारंपरिक मच्छीमार हवालदिल झाले आहेत, हे खरे आहे काय? मालवणच्या जेटीवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, हे शब्दशः खरं आहे. पण मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यासमोर ‘धुमाकूळ’ आणि ‘हवालदिल’ या दोन्ही गोष्टी मोजता येत नाहीत. तो ‘हे खरे नाही’ असं लिहितो, आणि पुढचे तिन्ही भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’मध्ये बुडतात. तारीख एका दिवसाने चुकली, गावाचं नाव शेजारच्या गावाचं पडलं, खात्याऐवजी महामंडळाचं नाव आलं, तरी हेच होतं. पहिल्या भागातला एक सुटा धागा सापडला की खातं त्याला धरून अख्खा प्रश्न उसवतं.

तोच प्रश्न असा लिहिता येतो: देवगड ते वेंगुर्ले या पट्ट्यात १२ सागरी मैलांच्या आत, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, गस्ती नौकेने प्रत्यक्ष किती दिवस गस्त घातली, किती नौकांवर कारवाई झाली, त्यांतल्या किती परराज्यांतल्या, किती प्रकरणांत अंतिम आदेश झाला, किती दंड ठोठावला आणि त्यातला किती वसूल झाला? इथे ‘खरे नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. आकडा द्यावा लागतो, आणि एकदा आकडा छापला गेला की तो सरकारचा स्वतःचा आकडा होतो. ठोठावलेला दंड आणि वसूल झालेला दंड यांतलं अंतर नुसतं शेजारीशेजारी आलं तरी एका भाषणाचं काम होतं.

समुद्राच्या बाबतीत मोजमाप आणखी काटेकोर हवं, कारण तिथे हद्द डोळ्यांना दिसत नाही. १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे २२ किलोमीटर, मासेमारीचं नियमन राज्याचं. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा तिथपर्यंत चालतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचं पाणी केंद्राच्या अखत्यारीत. दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून पकडण्यावर, म्हणजे एलईडी मासेमारीवर, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. मासळीचा थवा वेढून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध आणले आणि मोसम सप्टेंबर ते डिसेंबर असा आखून दिला. १९८१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, दंड वाढले, आणि पकडलेल्या नौकेच्या प्रकरणाचा निवाडा तहसीलदाराऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आला. प्रश्न लिहिताना यांतलं नेमकं काय मोडलं गेलं, हे सांगावं लागतं. पर्ससीनवाला जानेवारीत होता की परवान्याशिवाय होता? नौका कोणत्या दीपगृहासमोर, किती वाव (खोलीचं माप) पाण्यात होती? नोंदणी क्रमांकातली अक्षरं कोणत्या राज्याची होती? हे बंदरावरच्या माणसाला ठाऊक असतं आणि आमदाराला नसतं. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही तर तो ‘धुमाकूळ’च लिहिणार.

खात्यात अशा प्रश्नाला ‘एलएक्यू’ म्हणतात, आणि तो आला की बाकीच्या फायली बाजूला पडतात. विधिमंडळ सचिवालयातून प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे, तिथून आयुक्तालयाकडे, तिथून जिल्हा कार्यालयाकडे आणि शेवटी बंदरावरच्या परवाना अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. माहिती त्याच पायऱ्यांनी वर जाते, आणि प्रत्येक पायरीवर थोडी गुळगुळीत होते. इथे एक अडचण आहे जिच्यावर पुरेसं बोललं जात नाही: ज्या कार्यालयाबद्दल तक्रार आहे, उत्तराचा पहिला मसुदा तेच कार्यालय लिहितं. त्यामुळे एकाच दप्तरात ज्याची नोंद आहे अशी गोष्ट विचारण्यापेक्षा, जिची नोंद दोन ठिकाणी असते ती विचारलेली बरी. गस्ती नौकेच्या फेऱ्या नोंदवहीत असतात, पण इंधनाच्या देयकांतही असतात. दोन्ही मागितल्या की जुळवाजुळव करणं अवघड जातं.

आंबा विम्याचं असंच. ‘बागायतदारांना भरपाई मिळाली नाही, हे खरे आहे काय?’ याला ‘योजनेच्या निकषांनुसार भरपाई अदा करण्यात आली आहे’ हे उत्तर ठरलेलं. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई बागेतल्या मोहोराकडे बघून मिळत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने नोंदवलेल्या पावसावर, तापमानावर, वाऱ्यावर ठरते. म्हणून विचारायचं ते हे की राजापूर तालुक्यातल्या कोणत्या मंडळात, कोणत्या तारखांना, केंद्राची नोंदच उपलब्ध नव्हती, आणि त्या दिवसांसाठी कोणत्या केंद्राची आकडेवारी धरली.

शिक्षक आमदाराचे प्रश्न त्याच्या मतदारांमुळे आपोआप नेमके होतात. पगारासाठी लागणारा शालार्थ क्रमांक, अंशतः अनुदानित शाळांचा पुढचा टप्पा, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची पेन्शन, १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदललेले संचमान्यतेचे, म्हणजे शाळेतली मंजूर शिक्षकपदं ठरवायचे निकष. डोंगरातल्या वाडीवस्तीवरच्या, आठ-दहा मुलांच्या शाळेवर त्या निकषांचा काय परिणाम होतो, हे मांडायला कोकणाइतकं योग्य ठिकाण नाही.

तारांकित प्रश्न पटलावर आला म्हणजे तो चर्चेला येतोच असं नाही. प्रश्नोत्तराचा तास एकच, यादी लांब. मागे राहिलेल्यांची उत्तरं लेखी छापली जातात. वेळ मिळालाच तर उपप्रश्न विचारता येतो, आणि तिथे कसोटी लागते. छापील उत्तर हातात असताना तेच पुन्हा विचारणारा सदस्य स्वतःची संधी वाया घालवतो. उत्तरातला जो आकडा दुसऱ्या आकड्याशी जुळत नाही तिथे बोट ठेवायचं आणि तारीख मागायची. ‘लवकरात लवकर’ असं मंत्री म्हणाले तर लगेच उठून ‘कोणत्या महिन्यापर्यंत?’ हे विचारणं, एवढंच.

इतर आयुधांची निवड प्रसंगावर ठरते. विधान परिषदेत नियम १०१ खाली लक्षवेधी सूचना येते. तातडीच्या एका विषयावर मंत्र्याचं निवेदन वाटलं जातं आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. नियम ९३ च्या सूचनेवरही निवेदन होतं, पण चर्चेला वाव कमी. नियम ९७ ची अल्पकालीन चर्चा, नियम २८९ खाली ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून चर्चेची मागणी, नियम २६० चे मोठे प्रस्ताव. कोकणच्या दृष्टीने मला लक्षवेधी सर्वांत उपयोगी वाटते आणि २६० चा प्रस्ताव सर्वांत कमी. कारण साधं आहे. २६० च्या एका प्रस्तावात राज्यभरचे डझनभर विषय कोंबलेले असतात, आणि मंत्री उत्तर द्यायला उभे राहतात तेव्हा साकवाच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या) दुरुस्तीला किंवा धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला एखादं वाक्य मिळालं तर मिळालं. लक्षवेधीत विषय एकच, खातं एकच, मंत्री समोर. ती रोज मोजक्याच लागतात आणि निवड सभापतींच्या हातात असते, म्हणून सूचनेच्या पहिल्या दोन ओळींतच तातडी दिसली पाहिजे. पावसाळ्यात दरड कोसळण्याची भीती असलेल्या गावाचं पुनर्वसन ही तातडी आहे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत काय झालं आणि त्याच दिवशी चिपळूण कसं बुडालं, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण ‘अशीच आणखी गावं आहेत’ असं लिहून लक्षवेधी लागत नाही. गावाचं नाव, घरांची संख्या, भूवैज्ञानिक पाहणीची तारीख आणि अहवालातली शिफारस, एवढं लागतं.

सगळ्यात जास्त श्रम फुकट जातात ते चुकीच्या सभागृहात प्रश्न नेल्याने. मुंबई-गोवा महामार्ग हे ठळक उदाहरण. रस्ता राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे पैसा आणि धोरण केंद्राचं. पण पनवेलकडचा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि इंदापूरपासून झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. विधान परिषदेत पनवेलकडच्या पळस्प्याजवळच्या खड्ड्यांबद्दल विचारलं तर ‘बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील’ एवढ्यावर मंत्री मोकळे होतात. चिपळूणजवळच्या परशुराम घाटातल्या संरक्षक भिंतीबद्दल विचारलं तर तसं म्हणता येत नाही, कारण काम करून घेणारा अभियंता राज्याचा आहे. कोकण रेल्वेचंही तसंच. गाड्या आणि थांबे हा दिल्लीचा विषय. पण महामंडळाच्या स्थापनेत महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के होता, आणि भागीदार म्हणून राज्याने कधी काय मागितलं, हे विचारायला विधान परिषद मोकळी होती.

दिल्लीला न्यायचं ते राज्यसभेत. महाराष्ट्राचे तिथे १९ सदस्य आहेत आणि ते सगळ्या राज्याचे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाने त्यांतल्या कुणाचंही दार ठोठवावं. तिथला प्रश्नोत्तराचा तास दुपारी १२ ते १. सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते, मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, आणि कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरतं. दिवसाला १५ तारांकित आणि १६० अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, प्रश्न घेतले जातात. शब्दमर्यादा १५०. प्रश्नात युक्तिवाद, टोमणा, विशेषणं चालत नाहीत, मत विचारता येत नाही, आणि न्यायप्रविष्ट बाब असेल तर सूचना फेटाळली जाते. ही शेवटची अट कोकणाला वारंवार आडवी येते. महामार्ग असो, सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) असो, खाणकाम असो, काही ना काही उच्च न्यायालयात किंवा हरित लवादापुढे पडून असतं. अशा वेळी वादाचा मुद्दा सोडून त्याच्या कडेचा कारभार विचारावा: निधी किती आला, किती खर्च झाला, मुदतवाढ किती वेळा दिली.

अतारांकित प्रश्नाकडे तुच्छतेने बघायची पद्धत आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. १२ मैलांपलीकडच्या एलईडी नौकांवर तटरक्षक दलाने केलेली कारवाई राज्यवार मागा. लेखी उत्तर येतं, तक्त्यासह येतं, राज्यसभेच्या संकेतस्थळावर कायमचं राहतं, आणि पुढे न्यायालयात दाखवता येतं. शून्य प्रहरात बोलायला तीन मिनिटं मिळतात आणि वेळ संपली की ध्वनिक्षेपक बंद होतो. त्याची ध्वनिचित्रफीत गावोगाव फिरते, पण त्यावर मंत्र्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं. विशेष उल्लेख २५० शब्दांचा, आधी मंजूर करून घेतलेला मजकूर. त्याला पुढे मंत्र्याचं लेखी उत्तर येऊ शकतं, म्हणून तो मला शून्य प्रहरापेक्षा जास्त टिकाऊ वाटतो.

वरच्या सभागृहाच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. साधं विधेयक विधान परिषद पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवलं तर एक महिना अडवू शकते, त्यापुढे नाही. राज्यात संसदेसारखी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक नसते. विधानसभेचा शब्द शेवटचा. धन विधेयक १४ दिवसांत शिफारशींसह परत करावं लागतं. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत. मग उरतं काय? विचारण्याचा अधिकार, आणि सहा वर्षांचा सलग वेळ. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांनी याच सभागृहात बसून वर्षानुवर्षं लावून धरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे १९९० मध्ये त्याच हमीला फळबाग लागवड जोडली गेली, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळावर, वरकस जमिनीवर आंबा-काजूच्या कलमांच्या ओळी उभ्या राहिल्या. आजच्या कोकणातल्या कितीतरी बागांचं मूळ या कायद्यात आहे.

पण आज आमदाराकडे लोक जातात ते बहुतेक निधीसाठी. स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, त्यातून पाखाडी (पायऱ्यांची पायवाट), साकव, स्मशानशेड, समाजमंदिर. ही कामं हवीच आहेत. ओढ्याला पूर आल्यावर साकवाची किंमत कळते. तरीही पाच जिल्ह्यांच्या मतदारसंघात हा निधी किती पातळ पसरतो याचा हिशेब करावा. निधीतून एक पाखाडी होते. नेमक्या प्रश्नामुळे खात्याचा निकष बदलला तर तो सगळ्या तालुक्यांना लागू होतो. कोनशिलेवर नाव निधीमुळे लागतं, म्हणून सदस्याचा वेळ तिकडे ओढला जातो, आणि तो ओढणारे आपणच असतो.

उत्तर मिळाल्यावर काम संपत नाही. ‘तपासून घेऊ’, ‘बैठक लावू’, ‘तीन महिन्यांत अहवाल मागवू’ असं मंत्री सभागृहात बोलले की ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समितीच्या नोंदीत जाऊ शकतं. राज्यसभेत आश्वासनपूर्तीची मुदत तीन महिने आहे, आणि वाढवून घ्यायची तर समितीकडे मागावी लागते. पूर्तता रखडते ती पाठलाग करणारा नसल्याने. अधिवेशन संपतं, सदस्य पुढच्या विषयाकडे वळतो, गावातली समिती दर्यावर जाते. म्हणून कामकाजाच्या इतिवृत्तातलं ते पान काढून, तारीख आणि मंत्र्याचं नेमकं वाक्य उद्धृत करून, पुढच्या अधिवेशनात नवा प्रश्न टाकणं हे पहिल्या प्रश्नाइतकंच महत्त्वाचं.

सभागृहातला ठराव आणि किनाऱ्यावरची अंमलबजावणी यांत किती अंतर असू शकतं, हे महाडला ठाऊक आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी खर्चातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. तेव्हा प्रांताला एकच सभागृह होतं; दुसरं १९३७ मध्ये आलं. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागद दोन्हीकडे पुरे होते, तळ्यावर कुणी पाणी घेऊ शकत नव्हतं. बोल्यांनी पाठपुरावा सोडला नाही. १९२६ मध्ये त्यांनी पुन्हा ठराव आणला, की जी स्थानिक मंडळं अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचं अनुदान रोखावं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्यांच्या पाठीशी तो ठराव होता. त्यानंतरही न्यायालयीन लढाई १९३७ पर्यंत चालली, आणि उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. ठराव, दुसरा ठराव, सत्याग्रह, दावा. यातली एकही पायरी गाळता आली नसती.

समित्यांचं काम तर कॅमेऱ्यापासून पूर्णच दूर. लोकलेखा, अंदाज, पंचायत राज अशा समित्यांवर दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात. ‘पीआरसी (पंचायत राज समिती) येतेय’ ही बातमी लागली की जिल्हा परिषदेत लेखापरीक्षणाचे जुने आक्षेप उघडले जातात, वर्षानुवर्षं न जुळलेले हिशेब एका आठवड्यात जुळायला लागतात. समिती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची साक्ष घेते, गावांना भेटी देते. नळपाणी योजना कागदावर पूर्ण आणि टाकी कोरडी असेल, तर समितीच्या सदस्याला भेटीआधी टाकीचा फोटो, योजनेचं नाव, मंजुरीचं वर्ष आणि खर्ची पडलेली रक्कम द्यावी. नुसतं निवेदन वाचायला त्यांना त्या दिवशी वेळ नसतो.

सदस्याला द्यायचं टिपण एका पानाचं असावं. विषय एक, खातं एक. गाव, तालुका, महसूल मंडळ. घटनेच्या तारखा. आधी कुणाला पत्र दिलं, त्याचा जावक-आवक क्रमांक आणि आलेलं उत्तर. माहिती अधिकारात मिळालेला एखादा कागद जोडला तर प्रश्नाचा पहिला भाग कुणाला नाकारता येत नाही. शेवटी तीन प्रश्न, आणि त्यांतला प्रत्येक आकड्याने किंवा तारखेने उत्तर द्यावा लागेल असा. पावसाळी अधिवेशनासाठी हे टिपण शिमगा आटोपल्यावर लगेच, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी नवरात्रापर्यंत पोचावं. नागपूर कोकणापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे मोर्चा नेणं मच्छीमार संस्थेला परवडत नाही, म्हणून त्या अधिवेशनात कागदच जास्त बोलतो.

आणि ज्यांना या सदस्याला निवडण्याचा हक्क आहे त्यांनी यादीत असायला हवं. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने बनते. मागच्या वेळचं नाव पुढे येत नाही, आणि विधानसभेच्या यादीत नाव असण्याचा इथे उपयोग नाही. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर. पदवीधरासाठी नमुना १८, शिक्षकासाठी नमुना १९. पदवी त्या तारखेच्या किमान तीन वर्षं आधीची लागते. शिक्षकाने मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं लागतं. गठ्ठ्याने आणून दिलेले अर्ज घेत नाहीत, मात्र संस्थेचा प्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे आणि घरातला एक जण घरच्यांचे देऊ शकतो. मतदारसंघात राहतो याचा पुरावा लागतो, त्यामुळे मुंबई शहरात राहणाऱ्या चाकरमान्याचं नाव गावच्या पत्त्यावर बसत नाही. मतदान कागदी मतपत्रिकेवर, केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच, उमेदवाराच्या नावासमोर १ हा आकडा लिहून. बरोबरची खूण केली किंवा ‘एक’ असं अक्षरात लिहिलं तर मत बाद होतं. कोकण शिक्षकची मागची निवडणूक जानेवारी २०२३ मध्ये झाली, म्हणजे पुढच्या यादीचा अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०२८. कोकण पदवीधरची जून २०२४ मध्ये, म्हणजे १ नोव्हेंबर २०२९. त्या यादीत यायचं तर पदवी १ नोव्हेंबर २०२६ च्या आधी हातात असायला हवी.